मुंबईत जुनी स्विफ्ट घेतोय, आधी काय तपासू?

घाटकोपरकर:
२०१८ ची पेट्रोल स्विफ्ट बघून ठेवली आहे. एमएच ०३, पहिलाच मालक, मीटर ४१ हजार, सीएनजी किट बाहेरून बसवलेलं. कर्ज फिटलंय, पण आरसीवर अजून बँकेचं नाव आहे म्हणे. किलोमीटर कमी म्हणून मन तिकडेच ओढतंय. मेकॅनिक न्यायच्या आधी मला स्वतःला काय बघता येईल?

टॅपेट:
किलोमीटरवर भाळू नका. संध्याकाळी सायनहून अंधेरीला गाडी रांगत जाते तेव्हा मीटर दहा-बारा किलोमीटर सरकतो. इंजिन मात्र तासभर चालू आणि क्लचवर पाय सतत. म्हणून मुंबईच्या गाडीत क्लच आधी बघायचा. सपाट जागी हँडब्रेक पूर्ण ओढा, तिसरा गिअर टाका, थोडा रेस देत क्लच सावकाश सोडा. इंजिन झटक्यात बंद पडलं तर क्लच प्लेट ठीक. इंजिन घोंगावत राहिलं आणि बंद पडेना, तर प्लेट गेली. तो खर्च किमतीतून वजा करायला लावा. एकदाच करा, दुसऱ्याची प्लेट जाळू नका.

मालकाला आदल्या दिवशीच सांगा की सकाळी गाडी चालू करून ठेवू नका. बॉनेट गरम लागलं तर समजून घ्या. गार इंजिन सुरू करताना निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. सुरुवातीची थोडी वाफ चालते. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर आणि गोडसर वास असेल तर कूलंट आत जातंय. ऑइल भरायचं झाकण उघडून आतल्या बाजूला दुधाळ लगदा आहे का तेही बघा.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. १४२१ म्हणजे २०२१ चा चौदावा आठवडा. चारही टायरचे आणि स्टेपनीचे आकडे लिहून घ्या.

हिंदमाता_जंक्शन:
पाण्यात गेलेली गाडी धुऊन, सुकवून, वास मारून विकतात. महिना-दोन महिने बरी चालते, मग कनेक्टर गंजतात आणि आज पॉवर विंडो, उद्या एअरबॅगचा दिवा. कार्पेटवर जाऊ नका, ते बदललेलं असतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. रोज बाहेर न येणाऱ्या भागावर चिखलाची रेघ राहते. एकच पट्टा कोरा करकरीत असेल तर का बदलला ते विचारा. ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचलून खालचा फोम दाबा. सीटच्या रुळांवर गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, फ्यूजच्या पिनांवर हिरवट थर: यातली दोन दिसली की निघा. आणि चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझायला हवा. लागतच नसेल तर कुणीतरी त्याचा बंदोबस्त केलाय.

विम्याच्या पॉलिसीवर एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट) किती टक्के ते वाचा. पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के मिळतो. या वयाच्या गाडीवर २० असेल, तर अलीकडे क्लेम झालाय किंवा पॉलिसी मध्येच तुटली होती. दोन्हींचं कारण विचारायला हवं.

कागद_आधी:
आरटीओत बँकेची एनओसी (कर्ज फिटल्याचं ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्या, आणि ते मालकालाच करू द्या. तोवर टोकनपलीकडे पैसे नकोत. बोजा उतरल्यावर नाव बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० भरून सह्या. कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन ‘एजंट बघेल’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. नाव बदलेपर्यंत अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव त्यालाही कोर्टाच्या फेऱ्या, त्यामुळे घाई त्यालाही असायला हवी.

विम्याचं थर्ड पार्टी कव्हर गाडीसोबत येतं, पण स्वतःच्या नुकसानीचं नाही. ते १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा एनसीबी त्याच्याकडेच राहतो, दर ठरवताना तो धरू नका.

सीएनजीचं: आरसीवर इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’ असंच हवं, पॉलिसीवरही किटची नोंद हवी. सिलिंडरच्या पट्टीवर चाचणीची तारीख असते, ती दर तीन वर्षांनी करावी लागते. थकलेली ई-चलनं गाडीच्या नंबरवरून ऑनलाइन दिसतात. ती भरल्याशिवाय आणि जुन्या नंबर प्लेटच्या जागी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) लागल्याशिवाय व्यवहार पुढे नेऊ नका.

घाटकोपरकर:
फोटो मागवले. चारही टायर ३२२०, स्टेपनी ०८१८. एनसीबी २० टक्के.

टॅपेट:
स्टेपनी मूळची, बाकी चार एकदम बदललेले. कट किंवा पंक्चर असतं तर एक-दोन बदलले असते, म्हणजे हे झिजून गेले. कंपनीचे टायर साधारण ४०-५० हजार चालतात. हे २०२० च्या ऑगस्टचे आहेत, म्हणजे बहुधा त्यानंतर काही महिन्यांत बसले असणार. तेव्हाच मीटर ४० च्या घरात असेल तर आजचे ४१ कुठून आले? गाडीचा नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचं रीडिंग काढायला मालकाला सोबत न्या. येत नसेल तर रविवारी दुसरी गाडी बघा.