आज्ञापालन आणि भरवसा: आधी कोणते?

प्रश्न (सांगली): पुण्यातील नोकरीसाठी प्रार्थना करीत असताना, आजारी आईजवळच राहावे असे मनात पक्के होत गेले, परंतु उत्पन्नाची सोय दिसत नसताना याला आज्ञापालन म्हणावे की अविचार?

उत्तर (मिरज): बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात रात्रभर कष्ट करूनही काही न मिळालेल्या मासेमार पेत्राने केवळ प्रभू येशूच्या शब्दावरून खोल पाण्यात जाळी सोडली, मासे आधी दिसले नव्हते. अर्थात, जाळी त्यालाच सोडावी लागली.

उत्तर (तासगाव): आईवडिलांचा मान राखणे ही बायबलमधील निर्गम पुस्तकाच्या २०व्या अध्यायातील आज्ञाच आहे, तिच्यासाठी निराळी खूण कशाला हवी? उत्पन्नाविषयी मंडळीत (चर्चमध्ये) बोला, मदत मागणे हा अविश्वास नव्हे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांना भेटतो.