समुद्राच्या पाण्याचा आरओ: घनमीटरला ७ युनिट, कमी कसे करायचे?

खारवट: रत्नागिरीकडे एका रिसॉर्टचा आरओ प्लांट आहे, म्हणजे समुद्राचं पाणी दाबाने मेम्ब्रेनमधून (बारीक पडद्यातून) गाळून गोडं करणारा. रोज २० तास, ताशी ५ घनमीटर गोडं पाणी. फीड, म्हणजे आत जाणारं समुद्राचं पाणी, ताशी १२.५ घनमीटर, ६० बार दाबाने; रिकव्हरी, म्हणजे त्यातून मिळणारं गोडं पाणी, ४० टक्के. दोन व्हेसलमध्ये (दाब सोसणाऱ्या नळ्यांत) आठ इंची १० मेम्ब्रेन. मल्टीस्टेज (एकामागोमाग अनेक चाकांचा) सेंट्रिफ्युगल पंप, रिजेक्ट, म्हणजे उरलेलं जास्त खारं पाणी, व्हॉल्व्हमधून थेट बाहेर. एकटा हाय-प्रेशर पंपच घनमीटरला ७ युनिट खातो. व्हीएफडी (मोटरचे फेरे कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) बसवून किती फरक पडेल?

पंपवाला: जवळपास काहीच नाही. तुमची वीज रिजेक्टमधून वाहून जातेय. ताशी ७.५ घनमीटर पाणी ५८ बारने व्हॉल्व्हवर येतं आणि १२ किलोवॉट तिथेच मरतात. पंप-मोटरची घट धरली तर मीटरवर २०.

प्रेशर एक्स्चेंजर लावा. रिजेक्टचा दाब तो तेवढ्याच फीडला देतो. मग हाय-प्रेशर पंपाकडे उरतं फक्त ५ घनमीटर, बाकीच्या ७.५ ला ३ बारचा बूस्टर पुरतो. लोक फसतात ते इथे, जुना पंप तसाच ठेवतात. १२.५ चा पंप ५ वर चालवला की कार्यक्षमता कोसळते. व्हीएफडीने फेरे कमी केले तर दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो, ६० बार मिळतच नाहीत. अ‍ॅक्शियल पिस्टन पंप घ्या. बूस्टर धरून अडीच युनिटच्या आत बसेल. मात्र त्याला वंगण पाण्याचंच असतं, गाळणी ढिली चालत नाही.

खारवट: पंप बदलायला यंदा पैसे नाहीत. मधला मार्ग?

पंपवाला: टर्बोचार्जर, म्हणजे रिजेक्टच्या दाबावर फिरून फीडचा दाब वाढवणारं चाक. एवढ्या लहान आकारात कार्यक्षमता ५५ टक्के धरा, म्हणजे साधारण १९ बार फुकट. पंपाला ४१ बारच द्यायचे. इथे मात्र व्हीएफडी कामाला येतो, किंवा पंपाच्या काही स्टेज काढा. ७ चे ४.८ युनिट होतील.

मेम्ब्रेनभाऊ: खरेदीआधी एक बघा. पाणी २८ अंशांचं असेल तर ४० टक्के रिकव्हरीला ६० बार जास्तच वाटतात, स्वच्छ मेम्ब्रेनला ५२-५५ पुरायला हवेत. प्लांट सुरू झाला तेव्हाच्या नोंदी काढा. तापमानाचा हिशोब लावूनही उत्पादन १० टक्के घटलंय, किंवा व्हेसलच्या दोन टोकांतला दाबफरक १५ टक्के वाढलाय, तर धुलाई करा. आधी अल्कली, पीएच १२ च्या आत, ३० अंशांच्या आसपास. मग २ टक्के सायट्रिक अ‍ॅसिड. आधी अ‍ॅसिड टाकलंत तर सेंद्रिय थर आणखी घट्ट बसतो.

आणि पुढे एक्स्चेंजर घ्याल तेव्हा त्याच्या कमी दाबाच्या फीडवर आणि जास्त दाबाच्या बाहेरच्या लाइनवर वेगवेगळे फ्लोमीटर हवेतच. फीड कमी पडलं की रिजेक्टचं मीठ फीडमध्ये मिसळतं, दाब चढतो, आणि दोष मेम्ब्रेनवर जातो.