मदत हवी आहे : दुसरीच्या पक्षी-प्रकल्पात चूक मुलांनी शोधावी की मी दाखवावी?

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी सांभाळते. दुसरीत १४ मुलं आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये संगणकीय विचार (म्हणजे प्रश्न पायऱ्या-पायऱ्यांनी, नियम लावून सोडवणं) पायाभूत स्तरापासूनच, म्हणजे पहिली-दुसरीपासूनही हवा असं म्हटलंय. शाळेत संगणक एकच आहे, पण माझी अडचण ती नाही.

न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठात तयार झालेल्या ‘सीएस अनप्लग्ड’ या, संगणक न वापरता संगणकशास्त्र शिकवणाऱ्या खेळांच्या संचातला एक खेळ आम्ही केला होता. अंगणात खडूने रेघांचं जाळं काढायचं, सहा मुलांनी आकड्यांच्या चिठ्ठ्या घेऊन त्यावरून चालायचं. दोघं समोरासमोर आली की लहान आकडा डावीकडे, मोठा उजवीकडे. पलीकडे पोचेपर्यंत आकडे क्रमाने लागलेले असतात. मुलं रमली, पण प्रश्न माझा होता, त्यांचा नव्हता.

म्हणून त्यांचाच एक प्रश्न घेतला : खिचडीच्या सुट्टीत शाळेत सगळ्यात जास्त कोणते पक्षी येतात? पहिल्या दिवशी एका गटाचे कावळे ९, दुसऱ्याचे २१! तोच कावळा कौलांवर जाऊन परत उतरला की पुन्हा मोजला जात होता. मुलांनी भांडून-तंडून नियम केला, घंटा झाली की एकदाच बघायचं आणि तेव्हा जमिनीवर असतील तेवढेच धरायचे. इथपर्यंत मी तोंड उघडलं नव्हतं, आणि मला फार समाधान वाटलं होतं.

मग पक्षी ओळखायला मुलांनी फरशीवर प्रश्नांची वाट काढली. काळा आहे का? हो. शेपटीला दोन टोकं आहेत का? हो म्हणजे कोतवाल, नाही म्हणजे कावळा. काळा नसेल तर, चोच पिवळी आहे का? हो म्हणजे साळुंकी. चार दिवस छान चाललं. पाचव्या दिवशी कुंपणाशी चरणाऱ्या म्हशीमागून गायबगळा आत आला. एक मुलगी वाटेवर पाय टाकत निघाली. काळा नाही, चोच पिवळी, आणि येऊन थांबली साळुंकीवर. सगळी गप्प. एक जण म्हणाला, “मॅडम, पक्षीच चुकला.”

किती सुंदर क्षण होता तो! आणि मी काय केलं, तर खडू उचलून ‘पांढरा आहे का?’ हा प्रश्न स्वतःच वर लिहून टाकला. तेव्हापासून कुठे अडलं की मुलं वाटेकडे न बघता माझ्याकडे बघतात. याचं मला मनापासून वाईट वाटतंय.

दुसरी अडचण अशी, की पक्षी आधीच ओळखून मुलं उत्तरं त्याला जुळवून घेतात. मग वाट तपासलीच जात नाही. शिवाय पाच जणांना अजून सलग वाचता येत नाही, त्यांच्यासाठी चित्रखुणा काढतेय.

सात वर्षांच्या मुलांना चुकीसोबत किती वेळ राहू द्यावं? तुम्ही कुणी असं काही केलं असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.

प्रतिसाद :

ताई, मी तिसरीला पानांच्या वर्गीकरणाचा प्रकल्प केला होता, त्यातून सांगते. आधी दुसरी अडचण. जोड्या करा. एकाने पक्षी बघायचा आणि फक्त हो-नाही म्हणायचं. दुसऱ्याने पाठ करून उभं राहायचं आणि वाटेवरचेच प्रश्न विचारायचे. विचारणाऱ्याला पक्षी दिसतच नाही, त्यामुळे उत्तर जुळवता येत नाही. वाट कुठे फसते ते लगेच कळतं.

फसलेला पक्षी त्याच दिवशी सोडवू नका. त्याचं चित्र काढून दोरीवर चिमट्याने लावून ठेवा. माझ्या वर्गात एक पान नऊ दिवस लटकत होतं. दहाव्या दिवशी एका मुलीने नवा प्रश्न काढला, आणि तो आधी विचारायचा की नंतर यावर अर्धा तास वाद झाला. मी फक्त एवढंच विचारत होते, “आधीची पानं अजून बरोबर घरी पोचतात का?”

आणि तुमचा तो ‘पांढरा आहे का?’ पुसू नका. विणीच्या हंगामात, म्हणजे पावसाळ्यात, गायबगळ्याचं डोकं आणि मान केशरी होते, म्हणजे तेव्हा तो प्रश्नही अडेल. शाळा उघडल्यावर हीच मुलं तिसरीत असतील. तेव्हा त्यांना पुन्हा त्या वाटेवर उभं करा आणि खडू त्यांच्याच हातात द्या.