अनुभव धागा: 'सगळं नीट, नाहीतर काहीच नको' यातून कसे सुटलात?

पाचपाखाडीकर: आज कचराळी तलावावर एक काकू भर पावसात छत्री धरून एकच फेरी मारून निघाल्या. "आज एवढंच," म्हणाल्या. एकदम बाबा आठवले. शुगर निघाली तेव्हा त्यांनी कपाटावर तक्ता चिकटवला होता: पहाटे उठणं, तासभर चालणं, भात बंद, गोड बंद. गणपतीत मोदक खाल्ले आणि तक्ता फाडला, चालणंही सोडलं. मोदकांनी नसतं बिघडलं हो, पुढचे महिने बसून काढले त्याने बिघडलं. मग आईने तक्ता पुन्हा लावूच दिला नाही. जेवणं झाली की चपला दारात काढून ठेवायची, "कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ." ते टिकलं. तुमचंही लिहा.

नेरुळवाली: अगदी अगदी! माझं दहा हजार पावलांवर अडायचं. सहा हजार झाली तरी दिवस वाया गेला वाटायचं. हा आकडा १९६५च्या एका जपानी पेडोमीटरच्या, म्हणजे पावलं मोजायच्या यंत्राच्या, नावातून आलाय हे वाचलं आणि जीव भांड्यात पडला. आता ज्वेलला (आमच्या नेरुळचा चालायचा ट्रॅक) जमेल तेवढं. कुकर झालाय, येते.

घोडबंदर_रोज: आमचा जीव ट्रॅफिकमध्येच जातो.

फिजिओताई_खारघर: पेशंटना मी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांचा अभ्यास सांगते. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८च. २१ दिवसांत सवय लागते म्हणतात, त्याचं काही खरं नाही. आणि महत्त्वाचं, एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२०मध्ये व्यायाम सलग दहा मिनिटं तरी झाला तरच मोजायचा ही अट काढली. जिना चढलात तरी धरा.

उपवनकर: मला मात्र वेळ ठरलेलीच लागते, ढील दिली की संपलं. फक्त पाऊस असला तर काय, हेही आधीच ठरलंय. तलाव नाही तर सोसायटीचे जिने.

सीवूड्सची_आई: माझी भाकरी. रात्री ज्वारीचीच खायची ठरवलं, पण थापताना काठ फाटायचे, मग पोळ्याच. आता फाटकी तर फाटकी, ताटात मोडूनच खायची ना. लेकाला तर तुकडेच आवडतात.

घोडबंदर_रोज: पाचपाखाडीकर, बाबा बरे आहेत ना?

पाचपाखाडीकर: हो, छान आहेत.

नेरुळवाली: आले. सीवूड्सची_आई, उकळत्या पाण्यात पीठ भिजवा आणि भरपूर मळा. तरी फाटली तर पिठाची विरी (चिकटपणा) गेलीय, चक्कीवरून थोडं थोडंच दळून आणत जा.