जुने ठाणे नेमके कोणते: नौपाडा की तलावपाळीचा परिसर?

घोडबंदरवासी:
आम्ही अलीकडेच घोडबंदर रस्त्यावरील एका नव्या संकुलात राहायला आलो. आमचे शेजारी स्टेशनच्या पश्चिमेकडील सगळ्या भागाला सरसकट ‘जुने ठाणे’ म्हणतात आणि त्यात नौपाड्याचे नाव सर्वांत आधी घेतात. मात्र राम मारुती रस्त्यावर फिरताना सोसायट्या आणि सराफांची व कपड्यांची दुकाने यांखेरीज फारसे जुने काही दिसले नाही. मूळ शहर कोठे होते आणि नौपाड्याला हा मान कसा मिळाला, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

तलावपाळीकर:
आपल्याला जे दिसले ते बरोबरच आहे. मूळ वस्ती मासुंदा तलाव (म्हणजेच तलावपाळी) आणि खाडी यांच्या आसपासची. चरई, जांभळी नाका, टेंभी नाका, खारकर आळी, महागिरी आणि चेंदणी ही तिची अंगे होत. शिलाहारांच्या काळात हे नांदते बंदर होते. पुढे पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास येथे किल्ला बांधायला घेतला. तो पुरा होण्याआधीच १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला आणि १७७४ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. आज त्याच तटांच्या आत मध्यवर्ती कारागृह आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाच्या खटल्यात शिक्षा झालेल्या अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी तेथेच फाशी देण्यात आले.

मला स्वतःला मात्र किल्ल्यापेक्षा या भागातला शेजार अधिक महत्त्वाचा वाटतो. रामाजी महादेव बिवलकर या पेशव्यांच्या सरसुभेदाराने १७६० च्या सुमारास उभारलेले कोपिनेश्वराचे मंदिर, तलावाजवळचे पोर्तुगीजकालीन चर्च आणि घरी मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यू समाजाने १८७९ मध्ये टेंभी नाक्याजवळ बांधलेले सिनेगॉग ही सारी स्थळे पायी सहज गाठता येतात. वाडे मात्र जवळजवळ संपले. एखाद्या आळीत सागवानी खांबांची ओटी आणि जिन्याखाली ओळीने ठोकलेल्या, रंग उडालेल्या पत्र्याच्या टपालपेट्या दिसल्या, तर ते घर अजून विकासकाच्या हाती गेलेले नाही असे समजावे.

चेंदणीकर:
वरील प्रतिसादात चेंदणीचे नाव यादीत शेवटी आले, हे नेहमीचेच. मंदिराच्या आणि किल्ल्याच्या इतिहासात आमचा कोळीवाडा कायम तळटीप होऊन राहतो. वास्तविक हे शहर बंदर म्हणून वाढले ते खाडीवर जगणाऱ्या लोकांमुळे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली, त्याचा अभिमान आम्हालाही आहे. परंतु त्याच लोहमार्गाने कोळीवाड्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, याचा उल्लेख क्वचितच होतो. एकाच भावकीतली घरे रुळांच्या दोन्ही अंगांना आहेत. नारळी पौर्णिमेला खाडीवर जाणारी मिरवणूक पाहिली, तर या गावाचे तोंड मुळात कोणत्या दिशेला होते हे ध्यानात येईल.

नौपाडाकर:
चेंदणीकरांचे म्हणणे मान्य. आता नौपाड्याविषयी. आमचा भाग वयाने तलावापलीकडच्या आळ्यांपेक्षा लहान आहे. मुंबईत नोकरी आणि ठाण्यात बिऱ्हाड हा क्रम आगगाडीमुळे रुळला, तेव्हा स्टेशनपासून चालत गाठता येईल अशा या मोकळ्या जागेत चाळी, बंगल्या आणि सहकारी सोसायट्या वाढत गेल्या. ‘जुने ठाणे’ म्हणताना लोकांना बहुधा इमारतींचे वय अभिप्रेत नसते; त्यांच्या मनात असतो तो घंटाळी आणि गोखले रस्त्याच्या परिसरातील मराठी मध्यमवर्ग, त्याची व्याख्याने, गाण्याचे वर्ग आणि दिवाळी पहाट. (या पहाटेला हल्ली ध्वनिवर्धकांच्या भिंतींपुढे गाणे ऐकू येत नाही, ही माझी खासगी तक्रार समजावी.) गंमत अशी की ज्या संस्थांमुळे ही संस्कृती टिकली, त्यांतल्या दोन मोठ्या संस्था नौपाड्यात नसून तलावाच्या परिसरातच आहेत: १८९३ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आणि १९७८ मध्ये सुरू झालेले गडकरी रंगायतन.

घोडबंदरवासी:
सर्वांचे आभार. एका सकाळी हे सारे पाहायचे असल्यास सुरुवात कोठून करावी?

तलावपाळीकर:
स्टेशनवरून आधी चेंदणीला जावे, नाहीतर चेंदणीकर रागावतील. तेथून खारकर आळीमार्गे जांभळी नाक्याच्या बाजारात शिरावे आणि मंदिर पाहून टेंभी नाक्याकडे वळावे. सणाच्या आदल्या दिवशी जाऊ नये. झेंडूच्या राशींमधून पाऊल टाकायलाही जागा नसते. गाडी घरीच ठेवावी. किल्ला बाहेरूनच पाहावा लागेल.