५.२५ इंची फ्लॉप्या: झेनिक्सचं मॅन्युअल आणि वर्डस्टारमधल्या मराठी टिपा कशा वाचवायच्या?

बर्डीवाला

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या एका संगणक विभागाचं जुनं कपाट रिकामं होतंय. त्यात ५.२५ इंची पन्नासेक फ्लॉप्या निघाल्या. काहींवर ‘झेनिक्स मॅन, टार १/४’ अशी लेबलं आहेत (झेनिक्स ही जुनी युनिक्स प्रणाली, मॅन म्हणजे तिचं मॅन्युअल), बाकीच्यांवर ‘वर्डस्टार, मराठी टिपा’ (वर्डस्टार हा डॉसच्या काळातला लेखनाचा प्रोग्राम). ३६० केबी आणि १.२ एमबी दोन्ही प्रकार आहेत. दोन-चार फ्लॉप्यांच्या खिडकीतून पांढुरके डाग दिसतात. मॅन्युअलची शोधता येणारी पीडीएफ हवी आणि मराठी मजकूर युनिकोडमध्ये हवा. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह घेऊ का? आणि वर्डस्टारच्या फायलींतला आठवा बिट (प्रत्येक बाइटमधला १२८ किमतीचा सर्वांत वरचा बिट) काढून टाकणारी एका ओळीची कमांड सगळे सुचवतात, ती चालवून टाकू का?

ट्रॅक_शून्य

यूएसबी ड्राइव्ह घेऊ नका. ते ३.५ इंचीच असतात आणि नेहमीचे एक-दोन फॉरमॅट सोडून काही वाचत नाहीत. तुम्हाला १.२ एमबीचा खरा ५.२५ इंची ड्राइव्ह आणि ग्रीझविझल बोर्ड (जुना ड्राइव्ह यूएसबीला जोडणारं छोटं सर्किट) लागेल. ड्राइव्ह कबाडीत निघालेल्या जुन्या ३८६ मधून काढता येतो. केबल ३४ तारांची, पण ड्राइव्हकडचं टोक कार्डाच्या कडेवर बसणारं हवं, ३.५ इंचीची पिनवाली केबल बसत नाही. वीज ५ आणि १२ व्होल्ट दोन्ही लागते. यूएसबीतून १२ मिळत नाही, म्हणून जुना एसएमपीएस (पीसीचा वीजपुरवठ्याचा डबा) जोडा.

३६० केबीच्या फ्लॉप्याही याच ड्राइव्हवर वाचा. त्यांचे ४० ट्रॅक (चकतीवरची गोल वर्तुळं), याचे ८०, म्हणून सॉफ्टवेअरला दोन-दोन पावलं टाकायला सांगायचं. ३६० चा ड्राइव्ह मिळाला तरी तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. कारण असं: ३६० ची फ्लॉपी कुणी मध्येच १.२ च्या ड्राइव्हवर लिहिली असेल, तर नवा ट्रॅक अरुंद पडतो आणि त्याच्या बाजूला जुन्या रुंद ट्रॅकची किनार उरते. रुंद हेड दोन्ही एकदम ऐकतं आणि सेक्टर (ट्रॅकचे तुकडे) चुकतात. अरुंद हेडला ती अडचण येत नाही.

फ्लॉपी आत घालण्याआधी कडेची खाच चिकटपट्टीनं बंद करा. ५.२५ मध्ये खाच बंद म्हणजे लिहिणं बंद, ३.५ च्या नेमकं उलट.

पहिल्यांदा फ्लक्स प्रतिमाच (चकतीवरच्या चुंबकीय बदलांची कच्ची नोंद) घ्या, प्रत्येक ट्रॅकचे पाच फेरे. सेक्टर प्रतिमा त्यातून नंतर हवी तेवढ्यांदा काढता येते. ३६० ची प्रतिमा बरोबर ३,६८,६४० बाइट भरली पाहिजे आणि १.२ ची १२,२८,८००. आकडा जुळला म्हणजे सगळे सेक्टर वाचले गेले असं नाही, चुकांचा अहवाल वेगळा पाहा.

पांढुरके डाग बुरशीचे. त्या फ्लॉप्या सगळ्यांत शेवटी घ्या, नाहीतर हेड घाण होऊन पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे पडतात. वरची कड कापून चकती बाहेर काढा, डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब टाकून बोटांनी हळू धुवा, धागे न सुटणाऱ्या कापडानं टिपा, सावलीत वाळवा आणि दुसऱ्या रिकाम्या कव्हरात घाला. आयसोप्रोपिल अल्कोहोल हेडसाठी ठेवा. कमकुवत झालेला थर त्यानं चकतीवरून निघू शकतो. आणि भाऊ, नवतप्यात हे खोकं गाडीच्या डिकीत ठेवू नका, कूलरच्या झोतासमोरही नको.

हलन्त

आठवा बिट काढायची कमांड मराठी फायलींवर अजिबात चालवू नका. इंग्रजी वर्डस्टारसाठी ती ठीक आहे: डॉक्युमेंट मोडमध्ये शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर आठवा बिट लागतो. पण जिस्ट कार्डावर (पीसीवर भारतीय लिप्या आणणारं जुनं कार्ड) लिहिलेलं मराठी इस्कीमध्ये (भारतीय लिप्यांची जुनी संकेतपद्धत) असतं आणि तिथे देवनागरी मुळात १६० च्या वरच राहते. ‘मराठी’ म्हणजे २०४ २०७ २१८ १९० २२०. बिट काढला की उरतं ७६ ७९ ९० ६२ ९२, म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. शेजारी खरं इंग्रजी असेल तर कुठलं कोणतं ते परत ओळखता येत नाही.

आधी फाइल दशमान बाइटमध्ये छापून बघा. १४१ च्या मागे १० आणि मधेमधे १६० दिसले, तर ती वर्डस्टारची खूण. २२५ ते २५० मधले बाइट एकेकटे, साध्या इंग्रजी अक्षरानंतर आणि जागेच्या आधी येत असतील, तर तो शब्दाचा शेवट. १७९ ते २३२ मधल्या बाइटांच्या सलग रांगा लागल्या, तर इस्की. एकाच फायलीत दोन्ही असतील तर लहान स्क्रिप्ट लिहा: १४१ चा १३ करा, १६० चा ३२ करा, फक्त एकेकट्या बाइटांतून १२८ वजा करा, रांगांना हात लावू नका. शेवटचे २६ हे भरणीचे बाइट, ते कापा. बिंदूनं सुरू होणाऱ्या ओळी पानाच्या सूचना असतात. बाजूला काढा, पण फेकू नका, ‘पीए’ असेल तिथे नवं पान होतं. २ म्हणजे ठळक, १९ म्हणजे अधोरेखित.

मग आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं यूकॉन्व्ह (एका संकेतपद्धतीतून दुसरीत नेणारी कमांड) वापरा. स्रोत इस्की, व्हर्जन शून्य. शून्य म्हणजे देवनागरी. दुहेरी हलन्त आणि हलन्तापुढचा नुक्ता यांचे अर्थ ते सांभाळतं, हाताने कोष्टक लिहिणारे बहुतेक इथेच चुकतात. २३९ नंतरचा बाइट अक्षर नसतो, तो लिपी किंवा अक्षराचा ठसा (ठळक, तिरपा वगैरे) सांगतो. रूपांतरानंतर ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ असले शब्द शोधून तपासा.

डीटीपीच्या फायली निघाल्या तर यातलं काही लागू नाही. तिथे अक्षरं नसून फॉन्टमधले तुकडे साठवलेले असतात, प्रत्येक फॉन्टला वेगळं कोष्टक लागतं.

मॅनपान

झेनिक्सच्या फ्लॉप्यांवर बहुधा फाइलसिस्टिमच नसेल. टार (अनेक फायली एकत्र बांधलेला गठ्ठा) थेट फ्लॉपीवर लिहायची पद्धत होती, म्हणून माउंट होत नाही म्हणजे फ्लॉपी खराब असं समजू नका. प्रतिमेवरच टारची यादी मागा. ‘१/४’ म्हणजे चार भागांचा संच. फाइल पहिल्या फ्लॉपीवर तुटून दुसरीवर पुढे चालते, क्रम चुकवू नका.

आत लहान झेडच्या शेपटीच्या फायली ‘पॅक’च्या, मोठ्या झेडच्या ‘कॉम्प्रेस’च्या (दोन्ही फायली दाबून लहान करणारे प्रोग्राम). जीझिप दोन्ही उघडतं. हे काम लिनक्सवर करा, कारण विंडोज लहान-मोठं अक्षर एकच मानतं आणि एक फाइल दुसरीवर चढते.

उघडल्यावर दोन शक्यता. ओळी बिंदूनं सुरू होत असतील तर ती ट्रॉफची (युनिक्सच्या जुन्या पान-मांडणी प्रोग्रामची) मूळ फाइल: ग्रॉफला (त्याच्या आजच्या मुक्त आवृत्तीला) मॅन मॅक्रो आणि टेबलांचा पर्याय देऊन थेट पीडीएफ काढा. जुन्या लोकांनी सूचना आणि तिचं मूल्य जागा न सोडता लिहिलेलं असतं. ग्रॉफ त्याला एकच लांब नाव समजतो आणि गुपचूप गिळतो, म्हणून मोठ्या सीचा सुसंगती पर्याय लावा. दुसरी शक्यता, पान आधीच छापायला तयार केलेलं: अक्षर, बॅकस्पेस, पुन्हा तेच अक्षर म्हणजे ठळक. ‘कोल’ कमांडला लहान बी देऊन ते साफ होतं, पण ठळक-अधोरेखित सगळं जातं. मॅन्युअलमध्ये कमांडचं नाव ठळक आणि बदलायचा शब्द अधोरेखित असतो, म्हणून आधी त्या जोड्यांवरून खुणा करून घ्या आणि मगच कोल चालवा.

बर्डीवाला

बिट काढायची कमांड रद्द. एका मराठी फायलीत १४१-१० आहे आणि १७९ च्या वरच्या रांगाही आहेत, म्हणजे दोन्ही मिसळलेलं. शब्दाच्या शेवटी इस्कीचा एकच बाइट आला तर?

हलन्त

एकाक्षरी शब्दात येईल, ‘व’ किंवा ‘न’ सारख्या. पण त्याच्या मागे इंग्रजी अक्षर नसून जागा असते, शिवाय ‘व’ २१२ आणि ‘न’ १९८, दोन्ही २२५ च्या खाली. मागचा बाइट ९७ ते १२२ मध्ये असेल तरच १२८ वजा करा. एकाक्षरी इंग्रजी शब्द आणि मोठ्या अक्षरांतले शब्द या नियमातून सुटतील, त्यांची यादी छापून डोळ्यांनी बघा.