भाऊ प्रो बॉक्सर व्हायचं म्हणतोय, नोकरी सोडू द्यायची का?

कळव्याची_ताई:
धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे, ऐरोलीला नोकरी करतो. पहाटे पळायला जातो, कामावरून सुटला की थेट प्रॅक्टिस, घरी यायला रात्रीचे साडेनऊ. हाताला गुंडाळायच्या त्याच्या पट्ट्या गॅलरीच्या ग्रिलवर रोज वाळत असतात, कधी रक्ताचा डाग असला की आई काही न बोलता घासत बसते. स्टेटला एक ब्राँझ आहे. आता म्हणतो अमॅच्युअर (मेडलसाठीच्या हौशी स्पर्धा) बास झालं, नोकरी सोडून प्रो (पैशासाठी लढणारा बॉक्सर) होतो. बाबांनी त्याच्याशी बोलणंच टाकलंय. मला त्याला अडवायचं नाहीये, पण प्रो बॉक्सरचं घर चालतं कशावर हे कोणी आतलं माणूस सांगेल का?

नेरूळचा_साऊथपॉ:
ताई, मी पाच प्रो फाइट खेळलोय. सगळ्या चार-चार राउंडच्या, नवीन माणसाला सुरुवातीला तेवढ्याच मिळतात, बारा राउंड टायटलवाल्यांना. फाइट झाली तर पैसे, नाहीतर काही नाही. एकदा वजनगटात बसायला सहा किलो वजन उतरवलं होतं, शेवटचे दोन दिवस नुसतं तोंड ओलं करत होतो, आणि समोरच्याने ऐन वेळी माघार घेतली. हातात शून्य, जायचं-यायचं तिकीटसुद्धा माझ्याच खिशातून. मला जगवलं ते सकाळच्या पर्सनल ट्रेनिंगच्या बॅचेसनी, रिंगने नाही. नोकरी सोडू देऊ नका, शिफ्ट बदलून मिळते का बघा.

ठाणे_वेस्ट:
बॉक्सर विजेंदर सिंगचं बघा ना. २००८ ला बीजिंग ऑलिम्पिकचं ब्राँझ, हरियाणा पोलिसात डीएसपी, आणि मग २०१५ मध्ये प्रो झाला. पहिल्या बारा फाइट सलग जिंकला, २०२१ ला गोव्यात पहिल्यांदा हरला. एवढं नाव पाठीशी असताना तो उतरला, आपल्या मुलाच्या मागे काय आहे? अजून एक, आपल्याकडे महाराष्ट्रात सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे पण त्याला अमॅच्युअर स्पर्धांची मेडलं लागतात, प्रो फाइट जिंकून ते मिळत नाही. नॅशनलसाठी अजून दोन वर्षं द्यावीत असं माझं मत.

घणसोलीकर:
पैशाचं ठीक आहे हो, डोक्याचं कोणीच बोललं नाही. प्रोमध्ये हेडगार्ड नसतं आणि एकदम आडवं पाडणाऱ्या ठोशापेक्षा रोजच्या स्पारिंगमधले (सरावाच्या लढतींमधले) शेकडो छोटे मार जास्त साठत जातात. मुहम्मद अली १९८० ला ३८ व्या वर्षी लॅरी होम्ससमोर रिंगमध्ये उभा राहिला, किती मार खाल्ला त्याने, बघवत नाही. १९८४ मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं. भावाचा एमआरआय आत्ताच काढून ठेवा, पुढे तुलना करायला काहीतरी हातात पाहिजे. आणि कोच असा शोधा जो वेळेवर टॉवेल टाकेल, म्हणजे फाइट थांबवेल.

कळव्याची_ताई:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल जेवताना त्याला हे सगळं वाचून दाखवलं, बाबाही ऐकत होते. एमआरआयला तयार झालाय. नॅशनलचं विचार करून सांगतो म्हणाला. सोमवारी ऑफिसात सकाळची शिफ्ट मागणार आहे.